सुभानाची थप्पी

या, असे सावलीला या. मी टोपी काढली म्हणून दचकू नका, उकडतंय म्हणून काढलेली नाही. इथं उभं राहून ही गोष्ट सांगायची तर आमच्या घरच्या माणसानं डोकं उघडं ठेवायचं, असा नेम आहे. का, ते कळेल पुढं.

ही समोर आडवी दिसते ती ठकूची ताल. शेतातला दगडी बांध. आमच्याकडं त्याला ताल म्हणतात. डोंगराच्या या कुशीपासून त्या कुशीपर्यंत, पुरुषभर उंच, नुसते दगड एकावर एक बसवलेले. चुना नाही, सिमेंट नाही. आत जी तांबडी जमीन दिसते ते ठकूचं वरलं, म्हणजे वरचं रान. आता तालीच्या या टोकाला, बोरीच्या झुडपाशेजारी बघा. दगडांची थप्पी आहे ना? छातीएवढी, चारी बाजूंनी सरळ. नीट बघा, प्रत्येक दगडाचं सपाट तोंड बाहेरच्या अंगाला आहे. ती सुभानाची थप्पी. तिच्यातला एक दगडसुद्धा गावातलं कुणी कधी हलवत नाही. घर बांधताना दगड कमी पडला तर माणूस दोन कोसांवरून आणेल, पण इथला नेणार नाही.

पाहुणे येतात, तालीचे फोटो काढतात. मग कुणीतरी विचारतं, "अण्णा, एवढे चांगले दगड असे का पडून?" तिथंच माझी मान खाली जाते. कारण मी दौलत ढेंबरे, आणि तो सुभानाही ढेंबरेच. आमचा मूळपुरुष.

किती पिढ्या झाल्या, कुणाला नक्की सांगता येत नाही. कुणी सात म्हणतं, कुणी नऊ. त्या वेळी आमच्या खोलेवाडीत पंचवीस-तीस घरं होती असं सांगतात. पाऊस तेव्हाही असाच, आला तर आला. नदी नाही, पाट नाही. डोंगरावर पडेल तेवढंच पाणी, आणि ते अडवाल तेवढीच भाकरी. म्हणून गावाची एक रीत होती. पेरणीआधी सगळ्या घरांनी मिळून ताली नीट करायच्या, आणि सुरुवात सगळ्यात वरच्या तालीपासून करायची. स्वतःचं रान खाली असलं तरी माणूस आधी वर राबायचा. वर थांबलेलं पाणी जमिनीत मुरतं आणि पंधरा-वीस दिवसांनी खालच्या पाच-सहा रानांना ओल देतं, विहिरींना पाझर देतं, हे तेव्हा पोरासोरांनाही ठाऊक होतं. त्यासाठी कुणी साहेब यावा लागला नव्हता.

सगळ्यात वरलं रान म्हाळू नावाच्या माणसाचं. त्यानं आणि सुभानानं मिळून ही ताल सात उन्हाळे खपून रचली म्हणे. दोघं जिवाचे दोस्त. सुभाना दगडाचा मोठा जाणकार होता. दगड हातात घेतला की तो कुठं बसेल हे त्याला कळायचं. त्याची एक खोड होती. जुनी ताल उसकटताना काढलेला दगड तो कधी भिरकावून द्यायचा नाही. फिरवून, सपाट तोंड बाहेर करून, बाजूला रचून ठेवायचा. लोक हसायचे, "सुभाना, दगुड हाय त्यो, अंडं न्हवं!" तो म्हणायचा, "उद्या परत लागतुय की."

ताल पुरी झाली आणि दुसऱ्याच साली म्हाळू तापानं गेला. मागं बायको ठकूबाई आणि एक लेक. ठकूबाईनं रान सोडलं नाही. स्वतः औत धरलं. सुभाना तिला वहिनी म्हणायचा आणि ती त्याला भावजी.

सुभानाचं रान सगळ्यात खाली, ओढ्याकाठी. काळं, गुडघाभर खोल. तालीच्या या टोकापासून जी घळ उतरते ती थेट त्याच्या रानात जाते. बघितलीत ना, आत्ता आपण तिच्याच काठानं चढून आलो.

एका साली काय झालं, मृगात एक पाऊस झाला, पेरण्या झाल्या आणि पावसानं जी दडी मारली ती मारलीच. बाजरी पोटरीत आली आणि माना टाकायला लागली. आभाळाकडं बघून लोकांचे डोळे दुखायला आले. अशात एका दिवशी डोंगराच्या माथ्यावर, तिथंच तेवढी, एक मोठी सर कोसळून गेली. खाली गावात थेंब नाही. ठकूच्या वरल्यात मात्र तालीला टेकून कंबरभर पाणी उभं राहिलं.

दुसरा दिवस बाजाराचा. सगळं गाव, ठकूबाईसुद्धा, बाजाराला गेलं. सुभाना गेला नाही. बाजरीकडं बघत बांधावर बसून राहिला. वरचं पाणी मुरेल, पाझरेल, मग आपल्यापर्यंत पोचेल. तोवर बाजरी उभी राहायची नाही, एवढंच त्याच्या डोक्यात. घरात खाणारी आठ तोंडं. शेवटी उठला, पहार घेतली आणि भर दुपारी इथं आला.

आता त्याची बाजू घेतो असं समजू नका, पण त्याच्या मनात तसं फार काही नव्हतं असं सांगतात. वीतभर वाट करायची, थोडं पाणी घळीत सोडायचं आणि सांजेच्या आत दगड परत बसवायचे. रचणाराही तोच ना! तालीच्या या टोकाचे दगड त्यानं एकेक करून काढले आणि बाजूला ठेवले. हाताला जी सवय होती तीच त्यानं केली. रचून ठेवले, तोंडं बाहेर करून.

पाणी वीतभर वाटेवर थांबलं नाही. आधी दोन हात झालं, मग ताल पोटातून सुटली आणि निम्म्या रानाची माती पाण्याबरोबर निघाली. सुभाना आडवा पडला म्हणे, पायांनी, पाठीनं अडवायला बघितलं. काय अडतंय? तांबडं पाणी घळीनं धडधडत खाली गेलं आणि त्याच्या काळ्या रानात पसरलं. बाजरी वाचली. गावात त्या साली पिकली ती एकट्या सुभानाची.

सांजेला लोक बाजारातून आले. घळीतला गाळ बघून कुणीतरी म्हणालं, "आरं, वरली ताल फुटली! कालच्या पावसानं फुटली जणू." सुभाना तिथंच उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं, कारण तालीतलं कळतं ते त्यालाच. तो म्हणाला, "व्हय, पावसानंच."

एवढाच शब्द. आमच्या घराण्यानं आजवर मिळवलेलं सगळं एका पारड्यात घाला आणि हा शब्द दुसऱ्यात, तर हेच पारडं खाली जाईल. मला तरी तसं वाटतं.

ठकूबाई वर आली. फुटलेली ताल बघितली. मग या थप्पीसमोर बराच वेळ बसून राहिली असं सांगतात. खाली आल्यावर कुणाला काही बोलली नाही. सगळ्यांना वाटलं, धक्का बसलाय बाईला.

पुढं ताली नीट करायचे दिवस आले तेव्हा गाव म्हणालं, "सुभाना, चल, वरली बांधून घिऊ." सुभाना म्हणाला, "पाया खचलाय, औंदा नगं, फुडल्या साली बघू." त्याला इकडं यायचंच नव्हतं. ती थप्पी बघायची छाती नव्हती. आणि तोच येत नाही म्हटल्यावर बाकीच्यांचाही हात निघाला नाही. पुढल्या साली पुन्हा तेच. वर पाणी थांबेना, तशी मधल्या रानांची ओल तुटली. विहिरी फाल्गुनातच तळ दाखवायला लागल्या. एका माणसाची लाज गावाला केवढ्याला पडली बघा.

ठकूबाईच्या रानात आता नुसता मुरूम उरला होता. त्यात बाजरी येईना, ज्वारी येईना. येऊन येऊन येणार काय, तर हुलगा. तिनं तोच पेरला. त्याच्यावरच मायलेकी दिवस काढायला लागल्या.

एका आखितीला, अक्षय्य तृतीयेला, ती रिकामी पाटी घेऊन सुभानाच्या रानात आली. चार माणसं तिथं बसलेली. म्हणाली, "भावजी, तुमच्या काळ्यात माजी तांबडी माती आलीया. दिसतीया बगा कशी. चार पाट्या न्हिऊ का?"

द्यायला काय जात होतं? पण माती द्यायची म्हणजे ती कशी आली यावर बोलणं येणार, याची सुभानाला धास्ती पडली. चारचौघांत तो म्हणाला, "वहिनी, वाहून आलेली माती जितं थांबली तितली. अशी परत न्ह्यायला लागलं तर गावात कुणाचं रान जाग्यावर ऱ्हाईल?"

माणसं हसली. ठकूबाईनं पाटी पालथी करून डोक्यावर ठेवली आणि आली तशी निघून गेली. हे सांगताना माझ्या कानाच्या पाळ्या अजून तापतात. माझा कुणी लागतो म्हणून नव्हे. असा माणूस माझा लागतो म्हणून.

तिसऱ्या साली हस्त असा बरसला की थांबायचं नाव नाही. वर अडवायला काहीच नव्हतं. सगळा डोंगर घळीनं खाली आला. दगड, मुरूम, तांबडा गाळ, सगळं सुभानाच्या रानात आणि दारात. ऊन पडल्यावर त्यानं अंगण झाडून घेतलं आणि मनाला समजावलं, पेवात दोन सालांचं धान्य आहे. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, तोंडावर दगड ठेवून लिंपलेलं. पुढलं साल कोरडं गेलं. गावात चुली पेटेनात. तेव्हा सुभानानं पेव उघडलं.

आत ज्वारी नव्हती. तोंडापर्यंत तांबडी माती भरली होती. ठकूच्या वरल्यातली.

आमची जुनी माणसं सांगतात, दाण्याची माती झाली. डोंगरदेवानं केली म्हणे. परवा एक शिकलेला पाहुणा म्हणाला, "अण्णा, घळीचं पाणी पेवात शिरलं असेल, धान्य कुजलं, वरून गाळ बसला." असेल बाबा. तसंही धरा, असंही धरा. वरली ताल उभी असती तर दोन्हीही झालं नसतं. मला त्यात वाद घालायचा नाही.

सुभाना पेवाच्या तोंडाशी बसला. दोन दिवस पोरं पाण्यावर. तिसऱ्या दिवशी त्याची बायको बयजा न सांगता पोरांना घेऊन कुठंतरी गेली आणि परतली तेव्हा पोरांची तोंडं टवटवीत. हातात झाकलेलं येळणं. त्या पसरट भांड्यात हुलग्याचं माडगं होतं, ऊन ऊन. माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ कढी, गरिबाघरची. तिनं त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं दोन घोट घेतले आणि मग विचारलं, "कुणी दिलं?"

बयजा म्हणाली, "अख्ख्या गावात हुलगा कुणाकडं हाय, तुमास्नी ठावं न्हाई व्हय? ठकूबाईंच्या कणगीत तीन सालांचा हाय. तुमास्नी बी निराळं काढून दिलं त्यांनी. भावजी उपाशी असतील म्हनल्या."

तिसरा घोट सुभानानं घेतला नाही म्हणतात. तो उठला. डोक्याचं पागोटं सोडलं, काळ्या रानात जाऊन त्यात मावेल तेवढी तांबडी माती बांधली आणि ते गाठोडं उघड्या डोक्यावर घेऊन भर गावातून निघाला. पायात वहाण नाही. लोक ओट्यांवर बसून बघत होते. त्या काळी पागोट्याशिवाय माणूस चारचौघांत दिसायचा तो घरात कुणी गेल्यावरच. काही जण मागोमाग चढले.

ठकूबाई वरल्यात हुलगा उपटत होती. सुभानानं गाठोडं तिच्यापुढं सोडलं आणि म्हणाला, "वहिनी, ताल पावसानं न्हाई फुटली. म्या फोडली."

ती म्हणाली, "ठावं हाय मला."

"कवापास्नं?"

"त्याच सांजंपास्नं. पाण्यानं ताल फोडली तर दगुड घळीत लोळत्यात, भावजी. पाणी काय दगुड रचून ठिवत न्हाई. आन् तोंड भाईर करून तर ह्या मुलखात तुमीच ठिवता. माझ्या धन्याबरं सात उन्हाळं बगितलंय मी तुमचं रचणं."

सुभाना खालीच बसला. म्हणाला, "मग बोलली का न्हाईस गं? गावानं मला हाकलून दिलं असतं."

"म्हनून तर न्हाई बोलले. तुमास्नी हाकललं असतं तर ताल रचली कुणी असती? मला काय तुमची फजिती बगून प्वाट भरायचं हुतं? मला ताल पायजे हुती. आज येतील, उद्या येतील, वाट बगत बसले." मग तिचा आवाज चढला म्हणे, पहिल्यांदा आणि शेवटचा. "पर लई उशीर केलासा भावजी! तीन सालं! माती मागायला आले तवा तरी बोलायचं हुतं. हसलासा तुमी मला. माझी लेक हुलग्यावर वाढली."

मागं उभी माणसं एकमेकांआड सरकायला लागली, कारण त्या दिवशी हसलेले चौघं त्यांच्यातच होते.

ताल पुन्हा रचायला दोन उन्हाळे लागले. सुभानानं हात घातला आणि सगळं गाव राबलं. पहिल्याच दिवशी त्यानं या थप्पीतला दगड उचलायला हात पुढं केला, तर ठकूबाई म्हणाली, "ते न्हाई. ते तितंच ऱ्हाऊ द्या. निराळं आणा." तिनं कारण सांगितलं नाही आणि सुभानानं विचारलं नाही. ओढ्यातून दुसरे दगड आले. म्हणून बघा, ताल सगळी काळसर आणि हा टोकाचा तेवढा भाग करड्या गोट्यांचा.

मग सगळ्या घरांनी खालची तांबडी माती पाट्या-पाट्यांनी वर आणून टाकली. त्या कामात सुभानानं इथं, या थप्पीवर हात ठेवून, नेम केला. दर आखितीला पहिली पाटी आमच्या घरची. त्या दिवशी आमच्या माणसानं डोक्याला काही बांधायचं नाही. पाट्या टाकून झाल्या की ठकूबाईच्या घरचं माडगं प्यायचं, आणि पहिलं येळणं आमच्यापुढं. आणि थप्पीबद्दल जो कुणी विचारील, गावचा असो की परका, त्याला आमच्या घरच्या माणसानं सगळं सांगायचं. नाव घेऊन सांगायचं.

आता इथं गोष्ट संपते. बाकीचे सांगणारे इथंच थांबतात. मला थांबता येत नाही.

बारा वर्षांमागं गाव पाण्याच्या कामांच्या स्पर्धेत उतरलं होतं. परीक्षक मंडळी आली. माझा थोरला तेव्हा सरपंच. त्यांना घेऊन मी इथं आलो, टोपी काढली आणि गोष्ट सांगितली. झकास सांगितली. पण ताल फोडण्याचं आलं आणि माझी जीभ वळली. म्हणालो, "परगावचा कुणी एक माणूस होता, त्यानं पाणी चोरायला फोडली. आमच्या मूळपुरुषानं ती बांधून काढली." का म्हणालो? पोराच्या नावाला बट्टा नको, एवढंच. वीतभर वाट करावी, तेवढंच. मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

आणि शेजारी सोजरआक्का उभी होती, त्यांना पाणी देत. ठकूबाईच्या लेकीच्या वंशातली. आता पंच्याहत्तरीला आली, तरी वरलं रान तीच बघते. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, आणि पुढच्या पाहुण्याला तांब्या दिला.

आमच्या गावाचा पहिला नंबर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात तिची नात उभी, हातात झाकलेलं येळणं. आखिती नाही, काही नाही. "आजीनं दिलंय," म्हणाली.

झाकण काढलं, आत माडगं. मी तसाच बोडक्यानं वर आलो. म्हटलं, "आक्का, चुकलं माझं. मी खोटं बोललो." ती तण काढत होती. मान वर न करता म्हणाली, "मला काय सांगताय अण्णा? मला ठावंच हाय की. ज्यास्नी खोटं सांगितलंसा त्यास्नी सांगा जाऊन."

ती मंडळी कुठली, कुठं गेली, मला ठाऊक नाही. हुडकायचा प्रयत्न केला, दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. म्हणून जो कुणी वर येईल त्याला धरून सांगतो. तुम्ही फोटो काढायला आला होता आणि मी तुम्हाला एवढा वेळ उभं केलं, ते यापायी.

आजही त्या काळ्या रानात तांबडा पट्टा दिसतो, तो बघा खाली, ओढ्याकडेला. आजही आखितीला तिथली पहिली पाटी मी घेऊन चढतो. गुडघे ऐकत नाहीत, चार ठिकाणी टेकतो, पण पोराच्या हातात देत नाही. आजही पहिलं येळणं माझ्यापुढं येतं, आणि मी ते तळापर्यंत पितो.

चला, आक्कानं हाक मारली. तुमच्यासाठीही माडगं केलं असेल तिनं. थप्पीला हात लावून बघा हवं तर, पण दगड हलवू नका. आणि खाली गावात किंवा तुमच्या शहरात कुणी विचारलं की ठकूची ताल कशानं फुटली, तर पावसानं म्हणू नका. सुभाना ढेंबऱ्यानं फोडली म्हणा. दौलत ढेंबऱ्यानं स्वतः सांगितलं म्हणा.